बेंगाल किंवा ॲबिसिनियन मांजर घेण्याआधी

बेंगाल किंवा ॲबिसिनियन देखणं खरं, पण ते मांडीवर पडून राहणारं मांजर नव्हे. रोज निदान दोनदा, १०-१५ मिनिटं त्याला दमवून खेळवावं लागतं; खेळ संपताच थोडं खाणं द्यावं, म्हणजे ते शांत होतं. घर दिवसभर रिकामं असेल तर ही जात घेऊच नका. कंटाळलेलं मांजर पडदे फाडतं, रात्री ओरडतं.

बडोद्यात फ्लॅट असेल तर आधी गॅलरी पाहा. नायलॉनची मच्छरजाळी ते नखांनी फाडतं. स्टीलची जाळी चौकटीत स्क्रूने पक्की बसवा. उत्तरायणाच्या दिवसांत गॅलरीत पडलेला मांजा लगेच उचला. गिळलेला दोरा आतडं कापू शकतो. शेपटीखाली दोऱ्याचं टोक बाहेर आलेलं दिसलं तरी ओढू नका, थेट डॉक्टर गाठा.

नखं घासायचा खांब ९० सेंटिमीटर तरी उंच, जड बुडाचा हवा. डुगडुगला की मोर्चा सोफ्याकडे.

पिल्लू १२ आठवड्यांच्या आत आणू नका. आईबापांच्या पीके डेफिशियन्सीच्या जनुक चाचणीचा अहवाल मागा. हा रक्ताचा आनुवंशिक आजार दोन्ही जातींत आढळतो. अहवाल दाखवायला टाळाटाळ झाली, तर पिल्लू कितीही गोड असो, व्यवहार सोडा.