गिअरबॉक्सला कोणतं तेल, डिफरन्शियलला कोणतं

तेलाच्या दुकानात पहिला प्रश्न येतो, "कितवा नंबर देऊ?" नव्वद म्हटलं की नव्वदचा डबा समोर येतो. पण नंबर नंतरचा. आधी डबा फिरवून मागच्या बाजूला जीएल-४ लिहिलंय की जीएल-५ (गिअर ऑइलचा दर्जा सांगणारे शिक्के), ते वाचा. रिमॅप केलेली (इंजिनच्या संगणकातली सेटिंग बदलून ताकद वाढवलेली), जोरात चालवली जाणारी गाडी असेल तर याच एका अक्षर-आकड्यावर गिअरबॉक्सचं आयुष्य ठरतं.

मॅन्युअल गिअरबॉक्समध्ये पुढे जाणाऱ्या गिअरांपाशी सिंक्रो रिंग असते, बहुतेक वेळा पितळी. हातात घेऊन बघितली तर तिच्या आतल्या उतरत्या बाजूला केसासारख्या बारीक आट्या दिसतात. तुम्ही गिअर टाकता तेव्हा ही रिंग समोरच्या शंकूसारख्या भागावर दाबली जाते, आट्यांच्या धारा मधलं तेल पुसून काढतात, घर्षणाने दोन्हींचा वेग सारखा होतो आणि मगच गिअरला जोडणारी स्लीव्ह आत बसते. म्हणजे इथलं तेल दातांना सांभाळणारं हवं, पण रिंगला पकड घेऊ देणारंही हवं. जीएल-५ मध्ये गंधक-फॉस्फरसची ईपी, म्हणजे प्रचंड दाबातही दात वाचवणारी, द्रव्यं ढोबळमानाने जीएल-४ च्या दुप्पट असतात. त्यामुळे रिंग घसरत राहते, वेग जुळत नाही आणि घाईत दुसरा गिअर टाकताना कर्रकन आवाज येतो. काही जीएल-५ तेलांतलं गंधक तापल्यावर पितळही खातं. आजची सगळीच तेलं इतकी जालीम नसतात. म्हणून कंपनीच्या डेटा शीटमध्ये तांब्याच्या पट्टीची चाचणी बघा: '१' म्हणजे पट्टी जवळपास तशीच राहिली, '४' म्हणजे तेलाने ती खाल्ली. डब्यावर "जीएल-४/जीएल-५" असं दोन्ही छापलेलं असेल, तर सिंक्रो असलेल्या गिअरबॉक्ससाठी चालेल असं बनवणाऱ्याने स्पष्ट लिहिलंय का ते पाहा. नसेल तर तो डबा गिअरबॉक्ससाठी घेऊ नका.

डिफरन्शियलचं, म्हणजे इंजिनची ताकद दोन चाकांत वाटणाऱ्या गिअरांच्या पेटीचं, गणित याच्या उलट. मागची चाकं ओढणाऱ्या गाडीत, म्हणजे थार, स्कॉर्पिओ किंवा जुनी मॅन्युअल बीएमडब्ल्यू, क्राउन-पिनियन (छोटा पिनियन गिअर मोठ्या क्राउन गिअरला फिरवतो ती जोडी) हायपॉइड असतात. पिनियनचा आस क्राउनच्या मध्यावर नसतो, थोडा सरकवलेला असतो. त्यामुळे दात एकमेकांवर नुसते फिरत नाहीत, लांबीत घासतही जातात. क्लच सोडून जोरात निघालात की त्या घासण्यात तेलाचा थर तुटतो. तिथे ईपी द्रव्य तापलेल्या लोखंडाशी संयोग पावून वर पातळ संरक्षक थर धरतं आणि दात वाचतात. इथे जीएल-४ टाकलं तर दातांवर आधी ओरखडे येतात, मग खड्डे, मग ठरावीक वेगाला सुरू होणारी घुंई. हा आवाज दाबायला १४० नंबरचं तेल टाकायची पद्धत आहे. आवाज दबतो, झीज चालूच राहते. अशी गाडी विकत घ्यायला निघालात तर डिफरन्शियलचा फिल प्लग (तेल भरायच्या भोकाचा बोल्ट) उघडून आतलं तेल बोटावर घेऊन बघा, फारच दाट लागलं तर आवाज दाबलेला असू शकतो.

पुढची चाकं ओढणाऱ्या आडव्या इंजिनच्या गाडीत, उदाहरणार्थ शेंद्र्यात जुळलेली जुनी ऑक्टाव्हिया, गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल एकाच कवचात असतात आणि एकच तेल दोघांना पुरतं. इथे शेवटची जोडी हायपॉइड नसते, साधे तिरके दात असतात. म्हणून जीएल-४ पुरेसं होतं. "डिफरन्शियल आहे म्हणजे जीएल-५ पाहिजे" ही समजूत या गाड्यांना लावली की सिंक्रो जातात. लांबीत बसवलेल्या इंजिनच्या काही गाड्यांत मात्र हायपॉइड जोडी गिअरबॉक्सच्याच कवचात असते. तिथे कंपनीने दिलेल्या नंबरापलीकडे आपली अक्कल चालवू नये. काही मॅन्युअल गिअरबॉक्स तर एटीएफवर, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या पातळ तेलावर, चालतात. जुन्या बीएमडब्ल्यूंच्या काही गिअरबॉक्सवर तसं लेबलच चिकटवलेलं असतं. त्यात नव्वद ओतलं की थंडीत गिअर दगडासारखे होतात.

आता नंबर. गिअर ऑइलची मोजपट्टी इंजिन ऑइलपेक्षा वेगळी आहे. ९० नंबरचं गिअर ऑइल १०० अंशांना १३.५ ते १८.५ सेंटीस्टोक इतकं दाट असतं, म्हणजे साधारण ४० ते ५० नंबरच्या इंजिन ऑइलइतकंच. ७५डब्ल्यू-९० आणि ८०डब्ल्यू-९० ही दोन्ही गरम झाल्यावर याच पट्ट्यात बसतात. "डब्ल्यू"चा आकडा फक्त थंडीचा आहे: ७५डब्ल्यूची कसोटी उणे ४० अंशांना लागते, ८०डब्ल्यूची उणे २६ ला. आपल्याकडे उणे तापमान जात नाही हे खरं. पण परभणीत पारा दहाच्या खाली उतरतो, अशा सकाळी खनिज ८०डब्ल्यू-९० असलेला गिअरबॉक्स पहिले दोन-तीन किलोमीटर अडखळतो आणि त्या वेळात सिंक्रोवर जोर पडतो. शिवाय ७५डब्ल्यू-९० जवळपास नेहमीच सिंथेटिक किंवा अर्ध-सिंथेटिक असतं, ते तापल्यावर जास्त टिकतं. दोन्हींत निवड असेल तर ७५डब्ल्यू घ्या.

मे महिन्यात नांदेडला ४३-४४ अंश होतं म्हणून दाट तेल हवं, हे तर्कट पटकन पटतं, पण ते अर्धंच खरं आहे. तेल बाहेरच्या उन्हापेक्षा कामाने जास्त तापतं. समृद्धीवर तासभर १२० च्या मर्यादेत एकसारखं चालवणं आणि कन्नड घाट दुसऱ्या-तिसऱ्यात जोर लावत चढणं, यांत डिफरन्शियलवरचा ताण वेगवेगळा. त्यात गरजेपेक्षा दाट तेल घुसळलं जाताना स्वतःच उष्णता करतं. गिअरबॉक्सला म्हणूनच कंपनीचा नंबर सोडू नका. डिफरन्शियलला, टॉर्क बराच वाढवला असेल, ट्रॅकवर नेत असाल किंवा ट्रेलर ओढत असाल, तर ७५डब्ल्यू-११० किंवा ७५डब्ल्यू-१४० चा विचार करा. रोजच्या वापराला ९० पुरतं.

एलएसडी, म्हणजे एकच चाक फुकट फिरू न देणारं डिफरन्शियल, असेल तर आधी तिची जात ओळखा. क्लच प्लेटच्या एलएसडीला फ्रिक्शन मॉडिफायर (घर्षण कमी करणारं द्रव्य) लागतो. तो नसेल तर यू-टर्न घेताना मागून खडखड, धक्के येतात. जास्त झाला तर प्लेटा घसरतात आणि एलएसडीचा उपयोगच उरत नाही. "एलएसडी" लिहिलेल्या तेलात तो बहुधा आधीच असतो, वरून पुन्हा बाटली ओतायची नाही. टॉर्सनसारख्या दात्यांच्या एलएसडीला तो लागतच नाही.

बदलताना पहिला नियम: आधी वरचा फिल प्लग सैल करा, मग ड्रेन प्लग उघडा. फिल प्लग गंजून अडकला आणि तेल आधीच सांडलेलं असलं, तर गाडी जागेवरून हलत नाही. दहा-पंधरा मिनिटं चालवून तेल कोमट करा, गाडी सपाट जमिनीवर घोड्यांवर (जॅक स्टँडवर) ठेवा. फक्त जॅकवर उचललेल्या गाडीखाली जायचं नाही. तेल थेंब-थेंब होईपर्यंत अर्धा तास वाहू द्या. ड्रेन प्लगच्या चुंबकावर राखाडी, लोण्यासारखी पेस्ट दिसेल, ती साधी झीज आहे. टोचणारे तुकडे आले तर दात किंवा बेअरिंग. तेलात सोनेरी चमक दिसली तर सिंक्रो रिंग, आणि ही चमक चुंबकाला चिकटत नाही. म्हणून बादलीतलं तेल उन्हात धरून बघायचं. तांब्याचं किंवा ॲल्युमिनियमचं वायसर नवीन घाला.

आडव्या गिअरबॉक्सला साधारण दोन ते अडीच लिटर, मागच्या डिफरन्शियलला लिटर-सव्वा लिटर लागतं. पक्का आकडा आणि प्लगचा टॉर्क मॅन्युअलमधून घ्या, कवच ॲल्युमिनियमचं असेल तर पान्याला लोंबकळून आवळू नका, आट्या जातात. बहुतेक गाड्यांत फिल भोकातून तेल परत ओघळायला लागलं की पातळी आली. "थोडं जास्त बरं" म्हणून गाडी तिरकी करून जास्त भरलं, तर तेल फेसाळतं आणि सील किंवा ब्रीदरमधून (आतली हवा ये-जा करण्याच्या छोट्या वाटेतून) बाहेर येतं.

त्या ब्रीदरकडे आपल्या भागात विशेष लक्ष लागतं. काळ्या चिकट मातीतून गेलात की त्याचं टोपण बुजतं, आतला दाब सीलवर येतो आणि पिनियनपाशी ओल दिसते. लोक सील बदलतात, ब्रीदर तसाच राहतो, महिन्याभरात पुन्हा गळती. पावसाळ्यात उलटं होतं: तापलेलं डिफरन्शियल ओढ्याच्या थंड पाण्यात उतरलं की आतली हवा आकसते आणि ब्रीदर पाणी ओढतो. दोन दिवसांत फिल प्लग उघडून बोट घाला. तेल दुधाच्या चहासारखं दिसलं तर मुदत बघत बसू नका, त्याच दिवशी काढून टाका, नाहीतर बेअरिंगांवर गंज बसतो.

एरवी जोरात चालवल्या जाणाऱ्या गाडीचं तेल ३० ते ४० हजार किलोमीटरला बदला, "आयुष्यभराचं तेल" असं कंपनी म्हणत असली तरी. नवं क्राउन-पिनियन बसवलं असेल तर पहिलं तेल ५०० ते १००० किलोमीटरलाच काढा, त्यात दात बसतानाची सगळी कीस असते. काढलेलं तेल कॅनमध्ये बंद करून जुनं तेल घेणाऱ्याला द्या. बांधावर किंवा विहिरीजवळ ओतू नका.