ऑर्किडला फूल पाह्यजे असन तर दिवाळीनंतरचे हे दिवस सोडू नका

झाड हिरवंगार, पानं चकचकीत, पण फूल काही येत नाई, ही तक्रार आपल्या विदर्भात ऑर्किड लावणारे बहुतेक जण करतात. अहो, गर्द हिरवं पान म्हणजेच उजेड कमी पडून राह्यला. पान जरासं पोपटी दिसलं पाह्यजे. वऱ्हांड्यात टांगलेलं डेंड्रोबियम (जाड दांड्याचं ऑर्किड) आता ५० टक्के ऊन अडवणाऱ्या ग्रीन नेटखाली आणा, उन्हाळ्यात पारा ४५ च्या वर जाते तेव्हा ७५ टक्के नेट लागते पण आता सकाळचं कोवळं ऊन थेट पडलं तरी चालते.

संत्र्यावाले भाऊ म्हणतील आंबिया बहाराला (संत्र्याच्या जानेवारी-फेब्रुवारीतल्या फुलोऱ्याला) देतो तसा ताण देऊन टाकू, म्हणजे फूल यावं म्हणून पाणी तोडू. जरा थांबा. डेंड्रोबियमच्या जाड दांड्यात पाण्याचा साठा असते, म्हणून नवीन दांडा पूर्ण वाढला की पाणी कमी करता येते, कुंडीतले कोळसा आणि नारळाच्या सोडणाचे तुकडे वाळले की मगच द्या, पण एकदम बंद नका करू. फॅलेनोप्सिस या दुसऱ्या रुंद पानाच्या ऑर्किडकडे असा दांडा नाई, त्याला तोडलं पाणी की पानं सुरकुतलीच समजा. त्याला ताण नाई, रातचा गारवा पाह्यजे. तीन-चार हप्ते रात्री १६ ते १८ डिग्री मिळाले तर फुलदांडा निघते, आणि नोव्हेंबरमध्ये हा गारवा आपल्याकडे फुकटात मिळते, एसीची गरज नाई. मात्र डिसेंबर-जानेवारीत पारा १०-१२ वर आला की रात्री कुंडी घरात घ्या, थंडीनं कळ्या गळतात.

पाण्याचं खरं दुखणं वेगळंच आहे. बोरचं पाणी जड, कुंडीवर पांढरा थर दिसला की समजा मुळ्यांवर क्षार बसले. पावसाचं साठवलेलं पाणी सगळ्यात चांगलं, नाई तर आरओचं शुद्ध पाणी, पण आरओतून वाया जाणारं पाणी टाकू नका, त्यात तर क्षार अजूनच जास्त असतात. पाणी सकाळीच द्या, शेंड्याच्या पोंग्यात साचू देऊ नका, सडते.

खत १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारखं) वाढीपुरतं. आता स्फुरद जास्त असलेलं १३:४०:१३ लिटरला एक ग्रॅम, दहा दिवसातून एकदा, आधी मुळ्या ओल्या करून. पण उजेड नसन तर स्फुरद कितीही टाका, दुकानदाराचाच फायदा.

आणि हो, गडचिरोली-मेळघाटाकडे मोहाच्या, आंब्याच्या झाडावर रास्ना दिसते, तेही ऑर्किडच. जंगलातून ओरबाडून आणू नका, तिथंच राहू द्या, कुंडीत बहुतेक मरते.

फुलदांडा निघाला की कुंडी फिरवू नका, नाई तर दांडा उजेडाकडे वाकडातिकडा वळते. डेंड्रोबियमचा पानं गळालेला जुना दांडा हिरवा असन तर कापू नका, त्यावरही पुन्हा फूल येते, पार वाळून पोकळ झाला तरच काढा.