धर्मभगिनींनी कॅनन कायदा शिकून रुग्णालयांच्या सल्लागार कसे व्हावे

कॅनन कायद्याचे, म्हणजे कॅथलिक चर्चच्या अंतर्गत कायद्याचे, शिक्षण घेऊन कॅथलिक रुग्णालयांना सल्ला देऊ इच्छिणाऱ्या धर्मभगिनीने प्रवेश अर्जाच्या आधी आपल्या वरिष्ठ मदरची लेखी परवानगी घ्यावी. धर्मसंघाबाहेरचे पद वरिष्ठांच्या परवानगीशिवाय स्वीकारण्यास या कायद्याचे कलम, कॅनन ६७१, मनाई करते. कामाचे स्वरूप, मुदत आणि मानधन संघाच्या कोणत्या खात्यात जमा व्हायचे, हेही त्या पत्रात असावे.

लायसेन्शिएटचा, म्हणजे कॅनन कायद्यातील पदवीचा, अभ्यासक्रम तीन वर्षांचा असतो, मात्र तत्त्वज्ञान व ईश्वरज्ञानाचा पाया नसलेल्यांना त्याआधी दोन वर्षांचा टप्पा पूर्ण करावा लागतो. बंगळुरूची सेंट पीटर्स पाँटिफिकल इन्स्टिट्यूट आणि वॉशिंग्टनची कॅथलिक युनिव्हर्सिटी ऑफ अमेरिका येथे हे शिक्षण मिळते. लॅटिन शिकणे भागच असते. पदवीनंतर काही वर्षे धर्मप्रांताच्या ट्रायब्युनलमध्ये (चर्चच्या न्यायालयात) काढावीत, कारण साक्षी आणि कागद बारकाईने वाचायची सवय तिथेच लागते. तिथल्या खटल्यांत विवाहबंधनाची बाजू मांडणाऱ्याचे पद कॅनन १४३५ नुसार धर्मभगिनीलाही मिळू शकते.

रुग्णालयाच्या कामात बहुतेक वेळ मालमत्तेच्या प्रश्नांवर जातो. समजा, महाराष्ट्रातील एका संघाला रुग्णालयाची जागा विकायची आहे. सल्लागाराने प्रथम मिळकत पत्रिका, ट्रस्ट डीड आणि सार्वजनिक न्यासाच्या नोंदवहीचा उतारा मागवून मालक म्हणून नेमके कोणाचे नाव लागले आहे ते पाहावे. जुन्या कागदांवर कधीकाळच्या मदरचे व्यक्तिगत नाव असू शकते. कॅनन ६३८ नुसार वरिष्ठांची लेखी परवानगी आणि त्यांच्या मंडळाची संमती नसेल तर व्यवहार चर्चच्या दृष्टीने अवैध ठरतो, आणि रक्कम त्या प्रदेशासाठी ठरवलेल्या मर्यादेपलीकडे गेली तर व्हॅटिकनचीही परवानगी लागते. जागा सार्वजनिक न्यासाची असेल तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ३६ खाली धर्मादाय आयुक्तांची मंजुरी वेगळी घ्यावी लागते. इमारत तीन वर्षांहून अधिक काळ भाड्याने देतानाही हेच कलम लागू होते, आणि बाहेरच्या कंपनीला रुग्णालय चालवायला देताना नेमके तेच विसरले जाते. संमतीचा ठराव इतिवृत्तात नोंदला गेल्याशिवाय विसार घेऊ नये, साठेखतावर सही तर मुळीच करू नये.

अमेरिकेत भगिनींची संख्या घटल्यामुळे अनेक रुग्णालये संघांकडून नव्या चर्चमान्य संस्थांकडे गेली आहेत, तेव्हा तिथे या संस्थांच्या घटनेचा मसुदा करणे हे मोठे काम असते: जागा विकणे, संस्था विलीन करणे, विश्वस्त नेमणे यांतले कोणते अधिकार पुरस्कर्त्यांकडे, म्हणजे चर्चच्या वतीने रुग्णालयाची जबाबदारी घेणाऱ्यांकडे, राखून ठेवायचे, हे शब्दाशब्दाने ठरवावे लागते.

कॅनन कायद्याला केवळ अडवणारा कायदा समजणाऱ्यांनी १९३६ आठवावे. रावळपिंडीत काम केलेल्या ऑस्ट्रियन डॉक्टर अॅना डेंगेल यांनी १९२५ मध्ये वैद्यकीय सेवेसाठी संघ काढला. पण व्रतबद्ध भगिनींना वैद्यकीय व प्रसूतीसेवा करण्याची मोकळीक रोमने अकरा वर्षांनंतर, म्हणजे १९३६ मध्ये, दिली.

स्वतःच्याच संघाच्या रुग्णालयाबद्दल सल्ला द्यायची वेळ आली, तर तो दुसऱ्या कॅनन तज्ज्ञाकडून तपासून घ्यावा आणि त्याचे मतही फाइलला जोडावे.