न्यूरोसायन्सकडे वळताय? आधी आयन मोजा

झूऑलॉजी किंवा बायोटेक करून न्यूरोसायन्सकडे येणारे बहुतेक जण स्मृती, झोप, अल्झायमर असलं काहीतरी डोक्यात घेऊन येतात. मीही तशीच आले. सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या कॉलेजातून बी.एस्सी., पुढे एम.एस्सी., आणि आता उंदराच्या मेंदूच्या कापांवर पॅच क्लॅम्प (काचेच्या बारीक नळीने एकेका पेशीचं व्होल्टेज आणि करंट मोजणं). सुरुवातीचा काळ स्मृतीत वगैरे जात नाही. तो मिलिव्होल्ट आणि मिलिमोलरमध्ये जातो. बारावीनंतर फिजिक्स सुटलं म्हणून पेढे वाटले असतील तर वाईट वाटतं, पण ते परत येणार आहे. घाबरू नका, जेवढं लागतं तेवढं अकरावी-बारावीच्या पुस्तकात आहे: ओहमचा नियम, धारित्र (कपॅसिटन्स) आणि लॉग. कॅल्क्युलस नंतर बघू.

चेतापेशीचे भाग, मायलिन, सिनॅप्स हे तुम्हाला येतं असं धरून चालते. मला इथे एकाच गोष्टीवर वेळ घालवायचा आहे, कारण माझ्यासकट निम्मी बॅच त्यातच अडकली होती आणि कुणालाच आपण अडकलोय हे कळत नव्हतं.

क्लासच्या नोट्समध्ये ते असं असतं. विश्रांत अवस्थेत सोडियम बाहेर, पोटॅशियम आत. उद्दीपन झालं की सोडियम आत शिरतो, मग पोटॅशियम बाहेर येतो. आता सगळं उलटंपालटं झालं, म्हणून सोडियम-पोटॅशियम पंप तीन सोडियम बाहेर फेकतो, दोन पोटॅशियम आत घेतो, आणि पेशी पुन्हा विश्रांत अवस्थेत येते. बाण काढलेले, रंग भरलेले, परीक्षेत मार्कही मिळतात. शेवटचं वाक्य चूक आहे. पंप पेशीला ॲक्शन पोटेन्शियलनंतर (व्होल्टेजची क्षणिक उसळी, म्हणजेच स्पाइक किंवा आवेग) खाली आणत नाही. सोडियम चॅनल (पटलातली आयनांची दारं) आपोआप निष्क्रिय होतात, पोटॅशियम चॅनल उघडे असतात, पोटॅशियम बाहेर पडतो आणि तेवढ्यानेच व्होल्टेज खाली येतं. हे सगळं एक-दोन मिलिसेकंदांत उरकतं. एका पंपाला एक फेरी पूर्ण करायलाच त्याहून जास्त वेळ लागतो.

आणि मुळात उलटंपालटं काही झालेलंच नसतं. ही गोष्ट वाचून पटत नाही, म्हणून कागद घ्या आणि हिशेब करा. मी सांगते आणि तुम्ही मान डोलावता असं करू नका, खरंच करा.

२० मायक्रोमीटर व्यासाची गोल पेशी धरा. तिचा पृष्ठभाग साधारण १२५० चौरस मायक्रोमीटर. पेशीपटलाचं धारित्र दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १ मायक्रोफॅरॅड असतं, म्हणजे या पेशीचं सुमारे १२.५ पिकोफॅरॅड. व्होल्टेज १०० मिलिव्होल्टनी बदलायला लागणारा विद्युतभार म्हणजे १.२५ पिकोकूलोम. एका आयनाच्या भाराने भागा: साधारण ७८ लाख आयन. मोठा आकडा वाटतो ना? आता पेशीच्या आत पोटॅशियम किती आहे ते काढा. आकारमान सुमारे ४२०० घन मायक्रोमीटर, संहती (काँसन्ट्रेशन) १४० मिलिमोलर. उत्तर येतं साधारण ३५,००० कोटी. त्यातले ७८ लाख म्हणजे पंचेचाळीस हजारांत एक. प्रत्यक्षात सोडियमचं येणं आणि पोटॅशियमचं जाणं काही काळ एकाच वेळी चालू असतं, त्यामुळे खरा आकडा काही पट वाढतो. तरीही एका स्पाइकनंतर आतल्या पोटॅशियमची संहती मोजायला गेलात तर फरक हाती लागणार नाही.

ज्यांना चित्र हवंच असतं त्यांच्यासाठी: इमारतीच्या गच्चीवरची टाकी आठवा. मोटर टाकी भरते, पण नळ सोडला की पाणी येतं ते टाकीतल्या उंचीमुळे. त्या क्षणी मोटर बंद असली तरी चालतं. एक तांब्या काढल्याने टाकीची पातळी बदलत नाही. मोटर कायमचीच बिघडली तर मात्र केव्हातरी नळ कोरडा पडणार. पंप म्हणजे ही मोटर. उपमा इथे सोडून देते, कारण टाकीत एकच पाणी असतं आणि इथे प्रत्येक आयनाची उंची वेगळी, दिशाही वेगळी.

हे काही माझं डोकं नाही. १९५५ साली हॉजकिन आणि कीन्स यांनी सेपिया या समुद्री प्राण्याच्या (कटलफिश) मोठ्या अक्षतंतूंवर डायनायट्रोफिनॉल घालून ऊर्जेचा पुरवठा तोडला. सोडियम बाहेर फेकणं जवळजवळ थांबलं, तरी अक्षतंतू आवेग वाहून नेतच राहिला. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला तर स्क्विडच्या अक्षतंतूतला आतला गर रोलरने पिळून काढून, त्यात पोटॅशियमच्या क्षाराचं द्रावण भरून दाखवलं गेलं, आणि तो तरीही आवेग देत होता. आतली यंत्रणा गेली तरी पटल, त्यातले चॅनल आणि दोन्ही बाजूंची संहती एवढ्यावर काम भागतं.

पंप बिनकामाचा आहे असं मात्र कुठे लिहून येऊ नका. शरीराच्या वजनात मेंदू सुमारे २ टक्के, पण विश्रांतीच्या वेळी शरीर वापरतं त्यातला सुमारे २० टक्के ऑक्सिजन तो खातो, आणि त्या ऊर्जेचा मोठा वाटा या पंपांवरच जातो. पंपाचा शोध लावणाऱ्या येन्स स्काऊंना १९९७ चं नोबेल उगाच नाही मिळालं. शिवाय बारीक अक्षतंतूत पृष्ठभागाच्या मानाने आकारमान कमी असतं, त्यामुळे तिथे स्पाइकांचा मारा सुरू झाला की सोडियम खरोखर साचतो. मोठ्या पेशीचा हिशेब बारीक तंतूला तसाच लावू नका. व्यास ०.५ मायक्रोमीटर धरून वरचं गणित पुन्हा करा म्हणजे कळेल.

आता तुम्ही म्हणाल, परीक्षेत मार्क मिळतायत ना, मग एवढा कीस कशाला? कारण ही गल्लत पुढे दुसऱ्या वेशात येते.

संहती आणि व्होल्टेज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे एकदा बसलं की खरा प्रश्न विचारता येतो: या आयनाचं समतोल व्होल्टेज (ज्याला त्याचं आत येणं आणि बाहेर जाणं सारखं होतं) किती, आणि पेशी आत्ता कुठे आहे? नर्न्स्टचं समीकरण एवढंच सांगतं. शरीराच्या तापमानाला ६१.५ गुणिले लॉग, बाहेरची संहती भागिले आतली. पोटॅशियमसाठी ४ आणि १४० घाला, उत्तर उणे ९५ मिलिव्होल्टच्या आसपास. सोडियमसाठी १४५ आणि १२, उत्तर अधिक ६६.५ च्या आसपास. चॅनल उघडला की पेशी त्या त्या आकड्याकडे ओढली जाते. चॅनलला चांगलं-वाईट, उत्तेजक-शामक असं काही कळत नाही.

आणि इथेच मेंदूच्या वाढीचा भाग येतो, जो आपण वेगळ्या पेपरला, वेगळ्या सरांकडे शिकतो आणि कधी जोडतच नाही. गाबा हे शामक चेतापारेषक, असं सगळ्यांनी पाठ केलेलं असतं. गाबाचा मुख्य ग्राही म्हणजे क्लोराइडचा चॅनल. प्रौढ चेतापेशीत क्लोराइड आत ७, बाहेर ११० मिलिमोलर धरा. समतोल उणे ७३ च्या जवळ येतो (ऋणभाराचा आयन आहे, भागाकार उलटा करायला विसरू नका, मी अजूनही कागदावर बाण काढून बघते). पेशी उणे ६५ ला असेल तर गाबा तिला खाली ओढतो. छान. पण अपरिपक्व चेतापेशीत एनकेसीसी१ नावाचा वाहक क्लोराइड आत खेचत असतो आणि तो बाहेर काढणारा केसीसी२ अजून पुरेसा तयार झालेला नसतो. आत २५ धरा. समतोल येतो उणे ४० च्या आसपास. तोच गाबा, तोच चॅनल, आणि आता पेशी वर चढते. नवजात उंदरांच्या (माऊस आणि रॅट दोन्ही) मेंदूच्या कापांत हे दिसतं. पुढे केसीसी२ वाढत जातो तसा क्लोराइड उतरतो आणि गाबाचा रोख बदलतो. वर चढवतो म्हणजे स्पाइक देतोच असंही नाही. चॅनल उघडे असल्याने पटलाचा रोध कमी होतो आणि बाकीचे इनपुट दबू शकतात. इथे गोंधळ उडाला तर नॉर्मल आहे, त्यावर अजून वाद चालू आहेत.

‘गाबा शामक’ एवढंच पाठ करून आलेला मुलगा पिल्लाच्या मेंदूचं रेकॉर्डिंग बघून आपलं सेटिंग बिघडलं समजतो. ज्याने हिशेब केला तो आधी विचारतो, पिल्लू किती दिवसांचं?

वाढीच्या बाकीच्या भागाबद्दल थोडक्यात. चेतानलिका (जिच्यातून पुढे मेंदू आणि मज्जारज्जू बनतो) गर्भधारणेनंतर साधारण २८ व्या दिवसापर्यंत बंद होते, म्हणजे बऱ्याच बायकांना दिवस गेल्याचं नीट कळलेलंही नसतं तेव्हा. म्हणूनच रोज ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड गर्भ राहण्याआधीपासून घ्यायला सांगतात. नलिकेनंतर पेशींचं विभाजन, स्थलांतर, तंतूंची वाढ, सिनॅप्स, छाटणी. याच्या याद्या करत बसू नका. प्रत्येक टप्प्यावर एक प्रश्न लावा: या पेशीला कसं कळतं? प्रमस्तिष्काच्या बाह्यकात नंतर जन्मलेल्या चेतापेशी आधीच्यांना ओलांडून वरच्या थरात का जातात, त्या कशाला धरून चढतात (रेडियल ग्लिया), अक्षतंतूच्या टोकाला नेट्रिन हे प्रथिन कुठे ओढतं आणि स्लिट हे दुसरं प्रथिन कुठे ढकलतं. यादीपेक्षा हे जास्त टिकतं.

बी.एस्सी.च्या प्रॅक्टिकलला कोंबडीच्या अंड्यातला भ्रूण आपण काढला असेलच. ३३ तासांच्या स्लाइडवर मेंदूचे फुगवटे दाखवा, जर्नलमध्ये चित्र काढा, सही घ्या, संपलं. याच भ्रूणावर रीटा लेव्ही-माँटालचिनी यांनी युद्धकाळात ट्युरिनमध्ये घरच्या झोपायच्या खोलीत प्रयोगशाळा मांडून काम केलं, कारण ज्यू म्हणून विद्यापीठाचे दरवाजे बंद झाले होते. अवयवाची कळी काढून टाकली की तिकडे जाणाऱ्या चेतापेशी का मरतात, हा प्रश्न पुढे नर्व्ह ग्रोथ फॅक्टरपर्यंत पोचला आणि १९८६ चं नोबेल स्टॅन्ली कोहेन यांच्यासोबत मिळालं. सामान्य वाढीतही पाठीच्या कण्यातल्या कितीतरी चेतापेशी, काही गटांत निम्म्यापर्यंत, तयार होऊन मरतात. तुमच्या कॉलेजात ते अंडं उबवायचं यंत्र असेल तर सही घेतल्यावर लगेच पळू नका.

शॉर्टकटबद्दल माझं मत कडवट आहे. आद्याक्षरांची वाक्यं करून पाठ करणं क्रेनियल नर्व्हसाठी ठीक, आयनांसाठी घातक. ॲनिमेशनचे व्हिडिओ तर त्याहून. त्यात पाच सोडियम आत येतात, पाच पोटॅशियम बाहेर जातात आणि पेशी रिकामी झाल्यासारखी दिसते. डोळ्यांना एकदा ते दिसलं की पंचेचाळीस हजारांत एक हे डोक्यात शिरत नाही. नेट-जेआरएफच्या क्लासला जायचं तर जा, पैसे असतील तर. पण तिथल्या नोट्स हेच एकमेव वाचन असेल तर मुलाखतीत पहिल्या ‘का?’ला बसाल. त्यापेक्षा न्यूरॉन नावाचं मोफत सॉफ्टवेअर उतरवा, हॉजकिन-हक्सलीचं प्रारूप (स्पाइकचं समीकरणांतलं रूप) चालवा, बाहेरचा सोडियम निम्मा करा आणि स्पाइकची उंची बघा. हक्सली यांनी ही समीकरणं हाताने फिरवायच्या गणनयंत्रावर सोडवली होती. १९५२ च्या निबंधात आवेगाचा वेग हिशेबाने १८.८ मीटर प्रति सेकंद आला आणि प्रत्यक्ष मोजलेला २१.२. आपल्याकडे लॅपटॉप आहे.

गाईडबद्दल: मोठ्या नावामागे धावू नका. मोठं नाव वर्षातले निम्मे दिवस प्रवासात असतं. लॅबमधला पोस्टडॉक किंवा चौथ्या-पाचव्या वर्षाची ताई तुम्हाला खरं शिकवते, कारण तिचे हात अजून इलेक्ट्रोडवर असतात. लॅब निवडताना तिथल्या ज्युनियरला चहाला न्या आणि विचारा, इथे मूर्ख प्रश्न विचारला तर काय होतं? तो हसला तर चांगलं. इकडेतिकडे बघायला लागला तर दुसरी लॅब शोधा.

मराठी माध्यम, छोटं कॉलेज याची लाज घेऊन फिरू नका. पहिले काही महिने सेमिनारमध्ये काही कळत नाही, ते इंग्रजीमुळे असं वाटतं. शहरातल्या पोरांनाही तेव्हा कळत नसतं, ती फक्त आत्मविश्वासाने मान हलवतात. आणि हा विषय आपल्यापासून लांबही नाही. मुंबईत कुलाब्याला, टीआयएफआरमध्ये (टाटा मूलभूत संशोधन संस्था), ओबेद सिद्दिकी यांनी १९६२ साली मॉलिक्युलर बायोलॉजीचा विभाग उभा केला. तापमान वाढलं की लुळ्या पडणाऱ्या आणि थंड केलं की पुन्हा चालू लागणाऱ्या फळमाश्यांवर त्यांनी सीमोर बेंझर यांच्यासोबत काम केलं. त्यातलं पॅरा हे जनुक पुढे सोडियम चॅनलचं निघालं. म्हणजे वरचाच सगळा पाढा, माशीत.

आता कामाचं. उन्हाळी प्रोजेक्टसाठी तीन विज्ञान अकादम्यांची संयुक्त फेलोशिप असते, तिला अर्ज करा. त्याशिवाय आयसर पुणे, टीआयएफआर, बंगळुरूचं एनसीबीएस, मानेसरचं एनबीआरसी इथल्या लॅबना थेट मेल टाका. ‘आय ॲम पॅशनेट अबाउट द ब्रेन’ असं लिहू नका, तसे मेल ढिगाने येतात. त्या लॅबचा एक पेपर वाचा, त्यातल्या एका आकृतीत काय कळलं नाही ते दोन ओळींत विचारा, आणि वरचा हिशेब केला असेल तर तो कागद स्कॅन करून जोडा. दोन आठवड्यांत उत्तर नाही आलं तर एकदा आठवण करा. तोवर दुसऱ्या लॅबचा पेपर उघडलेला असू द्या.