घरातला गाण्यांचा साठा: पिसून ऐकायचा की ॲपला निवडू द्यायचा?

तुळजापूरहून आणलेल्या गोंधळाच्या कॅसेटी, नाथषष्ठीच्या जत्रेत घेतलेली भारुडं, खुलताबादच्या उरुसातल्या कव्वाल्या, भीमगीतं, आकाशवाणीवरून टेप केलेली भावगीतं, हिंदी सिनेमाचं मोठं गाठोडं आणि चाळीसेक कीर्तनं. मराठवाड्यातल्या घरची गाण्यांची हार्ड डिस्क साधारण अशीच भरलेली असते. ती ऐकायचे दोन सोपे मार्ग आहेत. एक शफल, दुसरा ॲपने आपणहून लावलेली यादी. दोघांत कोण बरं हे ठरवायच्या आधी फायली नीट लावून घ्याव्या लागतात, नाहीतर दोष फायलींचा असतो आणि शिव्या शफलला पडतात.

हिशेबासाठी साठा २४०० फायलींचा धरू. रोज दोन तास ऐकणं, म्हणजे साधारण २४ गाणी.

शफल दोन प्रकारचं असतं

एक शफल पत्ते पिसल्यासारखं. सगळी गाणी एकदा पिसायची आणि वरून एकेक वाजवायचं, गड्डी संपेपर्यंत कुठलंही गाणं दुसऱ्यांदा येत नाही. दुसरं डब्यातून चिठ्ठी काढल्यासारखं, वाचून झालेली चिठ्ठी परत डब्यात. संगणकावर गाणी वाजवायच्या फूबार२००० या प्रोग्रामात हे दोन्ही वेगवेगळे दिले आहेत. 'ऑर्डर'च्या यादीत 'शफल (ट्रॅक्स)' म्हणजे पिसणं आणि 'रँडम' म्हणजे चिठ्ठी. बहुतेक ॲपमध्ये एकच बटण असतं आणि आत काय चाललंय ते कळत नाही.

फरक बारीक वाटतो, पण आकडे बघा. चिठ्ठीच्या पद्धतीत २४०० गाण्यांच्या साठ्यातसुद्धा ५८ गाण्यांच्या आत एखादं गाणं परत येण्याची शक्यता निम्मी असते, म्हणजे अडीच दिवसांत. आणि २४०० वेळा चिठ्ठी काढूनही जवळपास ३७ टक्के गाणी, म्हणजे पावणेनऊशे, एकदाही वाजत नाहीत. 'तीच तीच गाणी लागतात' ही तक्रार इथून येते, ॲपचा कुठलाही डाव त्यात नसतो.

आता खरी गोम. पिसणारं शफलसुद्धा रोज सकाळी नव्याने सुरू केलं तर ते चिठ्ठीच होतं. रोज नवी गड्डी, त्यातली वरची २४ गाणी ऐकली, संध्याकाळी ॲप बंद, उद्या परत नवी गड्डी. शंभर दिवसांनी न वाजलेली गाणी पुन्हा तेवढीच, ३७ टक्क्यांच्या आसपास. उपाय सोपा आहे: एकदाच पिसा आणि ती रांग जपून ठेवा. फूबारमध्ये सगळी गाणी एका यादीत घ्या, 'एडिट'मधल्या 'सॉर्ट'मध्ये 'रँडमाइझ' करा, वाजवण्याचा क्रम 'डीफॉल्ट' ठेवा आणि वाजलेली गाणी यादीतून काढत चला. यादीतून, डिस्कवरून नाही. रोज २४ प्रमाणे ही गड्डी बरोबर १०० दिवस पुरते.

दुसरी तक्रार असते एकाच गायकाची गाणी लागोपाठ येण्याची. साठ्यात एका गायिकेची ४८० गाणी असतील तर तो पाचवा हिस्सा झाला. शेजारशेजारची दोन्ही गाणी तिचीच असण्याची शक्यता ४ टक्के. २४ गाण्यांत अशा २३ जोड्या असतात, म्हणजे सरासरीने रोज जवळपास एकदा हे घडणारच. शफल इमानदार असल्याचीच ही खूण आहे, पण कानाला ती पटत नाही. म्हणून ॲपलने २००५ साली आयट्यून्समध्ये 'स्मार्ट शफल' आणलं आणि स्पॉटिफायने २०१४ मध्ये एका गायकाची गाणी मुद्दाम पांगवणारी पद्धत घेतली. पिसणं खरंखुरं वाटावं म्हणून ते कमी केलं! घरच्या साठ्यासाठी हे हातानेही जमतं. रांग वरून खाली पाहत चला, जोडी दिसली की दुसरं गाणं दहा जागा खाली ओढा. शंभर गाण्यांना पाच मिनिटं लागतात.

तिसरी अडचण वेळेची. शफल गाणी मोजतं, मिनिटं नाही. ४० कीर्तनं प्रत्येकी ९० मिनिटांची म्हणजे ६० तास. उरलेल्या २३६० फायली पाच-पाच मिनिटांच्या धरल्या तर सुमारे १९७ तास. संख्येने दोन टक्केही नसलेली कीर्तनं ऐकण्याचा जवळपास पाव वेळ खातात. ती वेगळ्या फोल्डरमध्ये काढा. कॅसेटच्या एका बाजूची सलग फाईलही तशीच: सी-६० ची एक बाजू ३० मिनिटं, सी-९० ची ४५. ऑडॅसिटी या आवाज कापायच्या प्रोग्रामात शांततेच्या जागी खुणा करून गाणी वेगळी कापा. याच्या उलटही होतं. बडा ख्याल एका फाईलमध्ये आणि त्याला जोडून येणारा छोटा ख्याल दुसऱ्या फाईलमध्ये असेल तर शफल त्यांची ताटातूट करतं, तिथे दोन्ही जोडून एकच फाईल करावी.

टॅग आधी, तुलना नंतर

शफलला टॅग, म्हणजे फायलीत लिहिलेली गायक-गाण्याची माहिती, नसले तरी चालतं. शिफारस करणारं यंत्र, म्हणजे आपणहून यादी लावणारं ॲप, मात्र बहुतांशी टॅगवरच जगतं, आणि आपल्याकडच्या फायलींचे टॅग म्हणजे सगळा सावळागोंधळ. गायकाच्या जागी डाउनलोडच्या संकेतस्थळाचं नाव, अल्बमच्या जागी 'न्यू फोल्डर २', गाण्याच्या जागी 'ट्रॅक ०१'.

साठ्याची एक प्रत दुसऱ्या डिस्कवर ठेवा, मगच हात लावा. एमपीथ्रीटॅग या मोफत प्रोग्रामात फोल्डर उघडा. देवनागरी नावांच्या जागी प्रश्नचिन्हं दिसत असतील तर टॅग जुन्या आयडीथ्री व्ही१ प्रकारचे असण्याची शक्यता मोठी. त्यात नावाला जेमतेम ३० अक्षरांची जागा असते आणि युनिकोड (देवनागरी साठवायची पद्धत) बसत नाही. सेटिंगमध्ये आयडीथ्री व्ही२.३, युटीएफ-१६ निवडून नावं नव्याने लिहा. प्रश्नचिन्हांतून मूळ नाव परत मिळत नाही.

एका गायकाचं नाव सगळीकडे एकाच पद्धतीने हवं. इथे एक न दिसणारी खोट असते. 'कऱ्हाडे' हे आडनाव एका फायलीत 'ऱ' हे स्वतंत्र अक्षर घेऊन टाइप केलेलं असतं, दुसरीत साधा 'र', हलंत आणि पडद्यावर न दिसणारं जोडचिन्ह वापरून. डोळ्यांना दोन्ही सारखीच, पण संगणकाला हे दोन वेगळे गायक. नावांची यादी अक्षरानुसार लावली आणि एकच नाव दोनदा आलं की हेच झालंय समजा. त्या सगळ्या फायली एकत्र निवडा, गायकाच्या रकान्यात नाव एकदाच टाइप करा आणि सेव्ह करा.

प्रकाराच्या रकान्यात 'लोकसंगीत' असा एकच शिक्का मारू नका, त्याचा पुढे काही उपयोग होत नाही. भारूड, गवळण, अभंग, गोंधळ, ओवी, भीमगीत, कव्वाली, लावणी, कीर्तन, आरती असे वेगळे लिहा. प्रसंगासाठी शेऱ्याचा रकाना घ्या: गणपती, नवरात्र, लग्न. भर उन्हाळ्यात गणपतीची आरती लागू नये एवढ्यापुरतंच हे आहे. भीमगीतांना १४ एप्रिलच्या खणात कोंबू नका, ती अनेक घरांत बारा महिने वाजतात.

फाईलचा आवाज ऐकून नाव शोधणारा म्युझिकब्रेन्झ पिकार्ड बाजारात निघालेल्या रेकॉर्डिंगसाठी कामाचा आहे. गावातल्या भजनी मंडळाच्या टेपला तो काही सापडवून देणार नाही, आणि नुसत्या नावावरून शोधायला लावला तर भलतीच जुळणी गळ्यात मारतो. अशा फायली हातानेच भरा.

शेवटी आवाजाची पातळी. कॅसेटवरून घेतलेलं गाणं दबकं असतं, नव्या सिनेमाचं कानठळ्या बसवणारं. दबकं गाणं आवडत नाही म्हणून नाही, ऐकू येत नाही म्हणून पुढे ढकललं जातं आणि सगळी तुलना बिघडते. फूबारमध्ये सगळ्या फायलींवर रिप्लेगेन (आवाजाची पातळी सारखी करणारी सोय) चालवा आणि शफलसाठी 'ट्रॅक गेन' (गाण्यागणिक पातळी) निवडा, 'अल्बम गेन' (अख्ख्या अल्बमची एकच) नको.

शिफारस करणारं यंत्र कशावरून निवडतं

पहिला प्रकार म्हणजे 'हे ऐकणारे तेही ऐकतात'. लास्ट एफएम हे संकेतस्थळ २००२ पासून हेच करतं. तिथे ३० सेकंदांपेक्षा मोठं गाणं निम्मं किंवा चार मिनिटं वाजलं की ते ऐकल्याची नोंद होते आणि हजारो लोकांच्या अशा नोंदींवरून गायकांचं नातं ठरतं. हिंदी सिनेमासाठी हे झकास चालतं. पण तुमच्या चुलत्याने टेप केलेलं भारूड जगात दुसऱ्या कोणी ऐकलेलंच नाही. यंत्राकडे त्याची नोंद नाही, म्हणून यादीत ते कधी येत नाही. यादीत येत नाही म्हणून वाजत नाही. आणि वाजत नाही म्हणून नोंदही होत नाही. साठा कितीही मोठा असो, हा प्रकार फिरून फिरून ठरावीक प्रसिद्ध गाण्यांवरच येतो.

दुसरा प्रकार खुद्द आवाज तपासतो: लय, पोत, जोर. प्लेक्सॅम्प या ॲपचं 'सॉनिक ॲनालिसिस' (त्याला पैसे भरून घेतलेला प्लेक्स पास लागतो) किंवा घरच्या साठ्यातली गाणी वाजवणाऱ्या लिरियन सर्व्हरला जोडलेलं ब्लिस. याला नाव-गाव लागत नाही, त्यामुळे अनामिक ओवीलाही यादीत जागा मिळते. पण त्याच्याही खोड्या आहेत. कॅसेटची खरखर आणि दबलेले वरचे सूर हाही त्याला पोतच वाटतो. म्हणून एकाच टेपवरून उतरवलेला गोंधळ आणि कव्वाली त्याला सख्खी भावंडं वाटतात, आणि तोच गोंधळ स्टुडिओत नव्याने गायलेला असेल तर लांबचा. शब्द तर त्याला कळतच नाहीत. ढोलकी आली की भारुडामागे लावणी लागलीच म्हणून समजा. कॅसेटच्या फायलींची खरखर आधीच थोडी कमी करून घेतली तर हा घोळ जरा आटोक्यात येतो. जास्त साफ करू नका, झांजेचा आवाज पत्र्यासारखा होतो.

तिसरा प्रकार नियमांचा: आयट्यून्समधली 'स्मार्ट प्लेलिस्ट', म्युझिकबीमधली 'ऑटो-प्लेलिस्ट'. नियम तुम्ही लिहायचे, यंत्राने पाळायचे. आपल्यासारख्या मिश्र साठ्याला हाच प्रकार सगळ्यात जास्त मानवतो. सुरुवातीला एवढे नियम पुरेत: प्रकार 'कीर्तन' नाही, प्रकार 'आरती' नाही, लांबी १२ मिनिटांपेक्षा कमी, शेवटचं ६० दिवसांत वाजलेलं नाही, यातून कुठलीही १०० गाणी. 'सर्वाधिक वाजलेली' हा नियम घालू नका. जे जास्त वाजतं तेच यादीत येतं आणि आणखी वाजतं, दोन महिन्यांत यादी घट्ट होऊन बसते. यादी केल्यावर एकूण संख्या तपासा, कारण कधीच न वाजलेली गाणी काही प्लेअर '६० दिवसांत वाजलेलं नाही' या अटीत धरत नाहीत. तसं दिसलं तर 'प्ले काउंट शून्य' ही अट 'किंवा' लावून जोडा.

दोन्ही तोलून बघा

एक आठवडा हे, एक आठवडा ते असं करू नका. त्यातला एक नवरात्रात आला तर निकाल देवीच्या बाजूने लागणार. एक दिवस शफल, एक दिवस शिफारस, वेळ तीच, असं दोन्हींची शंभर-शंभर गाणी होईपर्यंत चालवा. शिफारस नेहमी एकाच गाण्यापासून सुरू करू नका. पाच वेगळी गाणी घ्या (एक अभंग, एक कव्वाली, एक भीमगीत, एक सिनेमाचं, एक ओवी) आणि प्रत्येकापासून २० ऐका. वहीत चार रकाने: पहिल्या ३० सेकंदांत पुढे ढकललेली गाणी, सहा महिन्यांत न ऐकलेली पण आवडलेली, वेगवेगळे गायक किती, परत आलेली किती. हा शेवटचा आकडा पिसलेल्या शफलमध्ये शून्यच हवा. नसेल तर ॲप चिठ्ठ्या काढतंय किंवा साठ्यात एकच गाणं दोन फायलींत आहे.

ढकललेली गाणी शिफारसीत सहसा कमी निघतात, आणि तेवढं बघूनच बरेच जण निकाल देऊन मोकळे होतात. दुसरा आणि तिसरा रकानाही बघा. शंभर गाण्यांत वीसच गायक आले असतील तर न ढकलण्याचं कारण उघड आहे, ती आधीच पाठ झालेली गाणी आहेत. स्वयंपाक करताना, पाहुणे बसलेले असताना ते चालतंही. डिस्कवर काय पडून आहे ते शोधायचं असेल तर पिसलेली गड्डीच लावा.

ट्रॅक्टर, गाडी आणि पेनड्राइव्ह

गाडीतल्या डेकवरच्या (म्युझिक सिस्टिमवरच्या) शफल बटणावर भरवसा ठेवू नका. स्वस्तातले काही डेक चालू केले की दर वेळी तोच क्रम लावतात, काही फक्त चालू फोल्डरमधलीच गाणी पिसतात. देवनागरी नावांच्या जागी नुसते चौकोन दिसतात, आणि रिप्लेगेनचे टॅग बहुतेक डेक वाचत नाहीत. म्हणून पिसणं घरीच उरकावं. पेनड्राइव्हसाठी वेगळी प्रत काढा आणि एमपीथ्रीगेनने त्या फायलींचीच पातळी बदला. हा प्रोग्राम १.५ डेसिबलच्या पायऱ्यांनी काम करतो आणि बदल मागेही घेता येतो. पेनड्राइव्ह ३२ जीबीपर्यंतचा घेऊन फॅट३२ मध्ये फॉरमॅट करा. फूबारमध्ये ३०० गाणी 'रँडमाइझ' करून 'फाइल ऑपरेशन्स'मधून कॉपी करताना नावापुढे यादीतला क्रमांक लावा: ००१, ००२, ००३. बरेच डेक नावाचा क्रम न बघता फायली ज्या क्रमाने पेनड्राइव्हवर लिहिल्या गेल्या त्याच क्रमाने वाजवतात. त्यामुळे रिकाम्या ड्राइव्हवर सगळ्या एका दमात कॉपी करा. मागाहून एखादं गाणं घालायचं झालं तर ते शेवटालाच लागेल. महिन्याने ड्राइव्ह पुसायचा आणि पुढची ३०० भरायची.