क्रूझवर रात्रीच्या जेवणाला काय घालायचं? या चुका टाळा

आमच्या पहिल्या क्रूझवर ह्यांना जेवणघराच्या दारातूनच परत फिरावं लागलं. कारण बर्म्युडा. चांगली महागाची होती, कडक इस्त्रीची होती, वर कॉलरवाला टी-शर्ट होता. पण होती बर्म्युडाच. दारावरचा मुलगा आधी अगदी अदबीनं इंग्रजीत काहीतरी बोलला. मग आमची आपसातली धुसफूस मराठीत चाललेली त्यानं ऐकली आणि हळूच म्हणाला, "वहिनी, साहेबांना फुल पॅन्ट घालून यायला सांगा. टेबल मी धरून ठेवतो." म्हापशाचा निघाला. परदेशी क्रूझवर गोव्याची माणसं बऱ्याचदा भेटतात, आणि अशा वेळी ती देवासारखी धावून येतात.

त्यानंतर तीन-चार सफरी झाल्या. दर वेळी बॅग हलकी होत गेली, आणि दर वेळी बरोबरच्या मंडळींना त्याच त्या चुका करताना पाहिलं. जहाज कोणतं, रात्र कोणती आणि जेवायला बसणार कुठे, एवढं आधी विचारलं असतं तर त्यातल्या निम्म्या टळल्या असत्या.

सगळ्या जहाजांना एकच नियम लावणं

कुणीतरी सांगतं, "क्रूझवर टक्सीडो लागतो हं," की लगेच भाड्याचा सूट शोधायला सुरुवात. दुसरं कुणी सांगतं, "छे, काहीही चालतं," की बॅगेत फक्त टी-शर्ट. आपापल्या जहाजापुरते दोघंही खरंच सांगत असतात.

क्यूनार्ड कंपनीच्या 'क्वीन मेरी २'चं उदाहरण घ्या. साउथॅम्प्टन ते न्यूयॉर्क ही सफर साधारण ७ रात्रींची. त्यात दोनेक रात्री 'गाला', म्हणजे फॉर्मल. त्या रात्री पुरुषांनी डिनर जॅकेट किंवा गडद सूट घालायचा, टाय किंवा बो लावायचा. पण त्यांच्याच नियमात औपचारिक राष्ट्रीय पोशाखही चालतो असं स्पष्ट म्हटलंय. म्हणजे बंदगळा, शेरवानी, रेशमी साडी, सगळं बसतं. याच्या अगदी उलट नॉर्वेजियन क्रूझ लाइन. त्यांनी २००० सालापासून 'फ्रीस्टाइल' पद्धत आणली आणि सक्तीची फॉर्मल रात्र काढून टाकली. व्हायकिंगच्या जहाजांवर फॉर्मल रात्र नाहीच. व्हर्जिन व्हॉयेजेसवर एका रात्री सगळे लाल कपडे घालतात. लग्नातली लाल साडी कपाटात पडून असेल तर तिचं भाग्य उजळेल.

शब्दांनीही फसायला होतं. याच फॉर्मल रात्रीला कार्निव्हल कंपनी 'एलिगंट' म्हणते, हॉलंड अमेरिका 'ड्रेसी' म्हणते, सेलिब्रिटी 'चिक' म्हणते. ऐकायला भारदस्त वाटतं, पण नीट शिवलेली पॅन्ट आणि चांगला शर्ट एवढ्यावर पुरुषांचं सहज भागतं. कोट घातलात तर छानच. २ ते ५ दिवसांच्या सफरीत अशी एक रात्र आणि ६ किंवा जास्त दिवसांच्या सफरीत दोन, असा कार्निव्हलचा हिशेब आहे.

आणि मुंबईहून सुटणारं कॉर्डेलियाचं 'एम्प्रेस'? २०२१ पासून ते गोवा, लक्षद्वीप अशा फेऱ्या करतंय. दोन रात्रींच्या गोवा फेरीला सूट नेणं म्हणजे माथेरानला घोंगडी नेण्यासारखं. नीटनेटका कुर्ता, सलवार-कमीज, साधी साडी, फुल पॅन्ट-शर्ट पुरे. फक्त जलतरणाच्या कपड्यांत, गंजीफ्रॉकवर किंवा आंघोळीच्या चपला फटकारत जेवणघरात जाऊ नका. हे बहुतेक जहाजांवर चालत नाही.

तिकिटाबरोबर येणाऱ्या कागदांत किंवा कंपनीच्या ॲपमध्ये कोणत्या रात्री काय, हे लिहिलेलं असतं. ट्रॅव्हल एजंटच्या तोंडी सांगण्यावर राहू नका. अहो, त्यातले निम्मे स्वतः कधी जहाजावर चढलेले नसतात.

पहिल्या रात्रीचे कपडे मोठ्या बॅगेत ठेवणं

बंदरावर तुमची मोठी बॅग काढून घेतात, तिला चिठ्ठी अडकवतात आणि ती केबिनच्या दाराशी येते. कधी? ते जहाजाच्या मनावर. दुपारी येईल, नाहीतर रात्री नऊलाही येईल. आमची एकदा साडेनऊला आली आणि आम्ही विमानात चुरगळलेल्या कपड्यांतच जेवलो. शेजारच्या टेबलावरचेही तसेच, म्हणून चाललं.

आपल्या सोयीची गोष्ट अशी की पहिल्या रात्री कुणी नटत नाही. अटलांटिक ओलांडणाऱ्या जुन्या जहाजांवरही पहिल्या रात्री नटूनथटून जेवायला न जाण्याची रीत होती, कारण ट्रंका उघडलेल्याच नसायच्या. रीत अजून टिकून आहे. तरी हातातल्या पिशवीत एक कुर्ता किंवा शर्ट, सेफ्टी पिना, औषधं आणि पातळ शाल ठेवाच.

पैठणी चुकीच्या रात्रीसाठी राखून ठेवणं

आपल्याकडे सगळ्यात भारी साडी शेवटच्या दिवसासाठी. लग्नात ठीक आहे. जहाजावर शेवटची रात्र सगळ्यात साधी असते, कारण बॅगा भरून दाराबाहेर ठेवायच्या असतात आणि लोक टी-शर्टमध्ये जेवून पळतात. फॉर्मल रात्र बहुधा जहाज कुठल्याच बंदराला लागत नाही अशा दिवशी असते. त्या दिवशी फिरून दमलेलं कुणी नसतं, तयारीला अख्खी दुपार मिळते. पैठणी नेसायची ती त्या रात्री.

याच्याच पोटात आणखी एक चूक आहे, जेवणाची पाळी चुकीची निवडण्याची. बऱ्याच जहाजांवर दोन पाळ्या असतात, पहिली संध्याकाळी साडेपाच-सहाच्या सुमाराला, दुसरी आठच्या आसपास. पहिली घेतलीत तर किनाऱ्यावरून पाचला परत यायचं, घामेजलेल्या अंगावर पाणी घ्यायचं आणि अर्ध्या तासात निऱ्या घालायच्या. नवरे दाराशी घड्याळ बघत उभे. आपली जेवायची वेळ तशीही साडेआठ-नवाची. दुसरीच पाळी मागा.

साडी नेताना समुद्राचा विचार न करणं

साडी नेऊ नका असं मी मुळीच म्हणणार नाही. फॉर्मल रात्री जेवणघरात पाऊल टाकलं की शंभर काळ्या गाऊनमध्ये तुमची साडी उठून दिसते, अनोळखी बायका टेबलाशी येऊन पदराला हात लावून बघतात. पण कोणती साडी न्यायची, ते वारा, थंडी, हेलकावे आणि इस्त्री यांना विचारून ठरवायचं.

इस्त्रीपासूनच सुरू करू, कारण इथेच सगळे फसतात. घरची इस्त्री किंवा कपड्यांना वाफ द्यायचं यंत्र जहाजावर नेऊ देत नाहीत. आगीची भीती. तपासणीत सापडलं की काढून घेतात आणि उतरताना परत देतात. कार्निव्हल, प्रिन्सेस, क्यूनार्ड यांच्या जहाजांवर प्रवाशांसाठी कपडे धुण्याच्या खोल्या असतात, तिथे इस्त्री मिळते. रॉयल कॅरिबियनवर ती सोय नाही. कपडे द्यायचे आणि पैसे मोजून इस्त्री करून घ्यायची. सुती किंवा कडक खळ असलेली साडी नेलीत तर तिचा चुरगळलेला रुमाल झालाच म्हणून समजा. क्रेप, जॉर्जेट, मऊ रेशीम न्या. पैठणी नेणारच असाल तर मऊ सुती कापडात गुंडाळून बॅगेत सगळ्यात वर ठेवा आणि केबिनमध्ये पोचल्या-पोचल्या हँगरवर टाका. साध्या कापडाच्या सुरकुत्या बाथरूममध्ये गरम पाण्याची वाफ कोंडली की बऱ्याच उतरतात, पण जरीचे काठ-पदर त्या वाफेपासून लांब ठेवा.

केबिनचं कपाट एवढंसं, हँगर मोजके. इथे एक युक्ती: बहुतेक जहाजांत केबिनच्या भिंती पोलादी असतात, त्यामुळे लोहचुंबकाचे हुक नेले तर भिंतीवर कुठेही टांगता येतं. चार हुकांवर आमच्या साड्या, शाली आणि पोरीचं दप्तर लटकत होतं.

आता वारा. जेवणानंतर फोटोसाठी डेकवर जायचंच असतं. तिथे पदर पिनअप केलेला नसेल तर फोटोत फक्त पदर येतो. खांद्यावर एक पीन पुरत नाही; एक कमरेशी, एक निऱ्यांना. आत आलात की एसी. जेवणघरात एवढी थंडी असते की बिनबाह्यांचा ब्लाउज शिवल्याचा पश्चात्ताप सूप येईपर्यंत होतो. शाल खुर्चीवर असू द्या.

हेलकाव्यांचं म्हणाल तर टोकदार टाचा विसरा. जाड, बुटक्या टाचेच्या सँडल बऱ्या. नऊवारीबद्दल मला विचाराल तर जहाजावर तिच्यासारखा पोशाख नाही. काष्टा असल्यामुळे पाय मोकळे, जिना चढताना घोळ पायात येत नाही. आपल्या कोळणींचं लुगडं उगाच तसं नेसलेलं नसतं. कोल्हापुरी चप्पल मात्र जपून. कातडी तळ ओल्या डेकवर घसरतो, आणि पुरुषांची उघडी चप्पल काही जेवणघरांत चालत नाही. शेरवानीवर मोजडी घाला.

दागिन्यांचं थोडक्यात: ठुशी आणि नथ खोटी चालते. खरं सोनं घरी ठेवा, समुद्रावर काळजी कशाला न्यायची?

पुरुषांनी "मला काय, चालतंय" म्हणणं

यांची बॅग लहान असते, आणि चुकाही दोन-तीनच असतात, पण हमखास. बर्म्युडाची गोष्ट सांगितलीच. संध्याकाळी बर्म्युडा चालणारी जहाजं आहेत, तरी फॉर्मल रात्री ती नकोच. दुसरी म्हणजे सूटबरोबर पांढरे स्पोर्ट्स शूज, कारण काळे बूट "जड होतात". काळे बूट पायात घालूनच विमानात बसा, ब्लेझर अंगावर ठेवा; दोन किलो तिथेच वाचले. तिसरी, टोपी. गॉल्फची टोपी डोक्यावर ठेवून जेवायला बसलेले काका मी पाहिलेत.

माझं मत विचाराल तर एक गडद निळा बंदगळा सगळ्यात शहाणा. टाय नको, बो नको, आत कोणता शर्ट याची चिंता नको. फॉर्मल रात्री पूर्ण सेट, इतर रात्री तेच जाकीट साध्या पॅन्टवर.

लहान मुलांना सहसा कुणी अडवत नाही, त्यांना सूटमध्ये कोंबू नका. 'व्हाइट पार्टी' असेल तर घरातल्या आजींना आधी विचारा. पांढरं नेसायला त्यांचा जीव धजावत नाही, आणि भर पार्टीत तो वाद नको. मोतिया रंगावर तडजोड होते, आमच्याकडे झाली.

तरीही गडबड झालीच तर

दारावर अडवलं तर हुज्जत घालू नका. नियम त्या पोरानं केलेला नसतो. केबिनमध्ये जाऊन बदलून या, किंवा सरळ वरच्या डेकवरच्या बुफेत जा. तिथे रात्रीही साधे कपडे चालतात आणि मुलं खूष असतात. क्यूनार्डवर मात्र गाला रात्री साध्या कपड्यांतल्यांना बुफे आणि मोजक्याच जागा मोकळ्या असतात, म्हणून तिथे एक तरी जोड हवाच.

रेशमावर तेलाचा डाग पडला तर पाण्यानं चोळू नका. टाल्कम पावडर भुरभुरवून रात्रभर ठेवा आणि सकाळी हलकेच झटका. बटण तुटलं तर रिसेप्शनवर सुई-दोरा मागून बघा. टाय विसरलात तर जहाजावरच्या दुकानात मिळू शकेल. किंमत बघून ह्यांना पुन्हा कधी विसर पडणार नाही.

आणि जेवणघराचं दार बंदच दिसलं तर कपड्यांचा दोष नाही, घड्याळ बघा. फोन किनाऱ्यावरची वेळ पकडतो, जहाज आपल्या वेळेनं चालतं. तासाचा फरक पडला की नटूनथटून रिकाम्या दालनात उभं राहायची वेळ येते.

शेवटच्या रात्री सगळंच भरून टाकणं

शेवटच्या रात्री अकराच्या सुमाराला बॅगा चिठ्ठी लावून दाराबाहेर ठेवायच्या असतात. त्या रात्रीतच खाली जातात आणि सकाळी उतरल्यावरच दिसतात. सकाळी घालायचा जोड, बूट आणि आतले कपडे आधी बाजूला काढून हातातल्या पिशवीत टाका, मगच बॅगेची चेन लावा.

आमच्या जाऊबाईंनी शेवटच्या रात्रीसाठी राखलेली पैठणी सगळ्या टी-शर्टवाल्यांमध्ये नेसली, जेवून आल्या, गप्पा मारत बॅग भरली आणि दाराबाहेर ठेवून दिली. मग लक्षात आलं. सकाळी सात वाजता त्या त्याच पैठणीत, नथीसकट, जहाजाच्या शिडीवरून उतरल्या. इमिग्रेशनच्या अधिकाऱ्यानं पासपोर्टवर शिक्का मारता मारता त्यांना विचारलं, आज काही सण आहे का? जाऊबाई हो म्हणाल्या.