दुसऱ्या वेळी अंगावर पाजायची तयारी आधीच केली

पहिल्या वेळी स्तनाग्रांना चिरा पडल्या, पाजताना डोळ्यांत पाणी यायचं, शेवटी बाळ वरच्या दुधावर गेलं. म्हणून या खेपेला गरोदरपणातच स्तनपान सल्लागार गाठली. तिने बाहुली घेऊन पकड शिकवली: बाळाचं नाक स्तनाग्रासमोर, तोंड मोठं उघडलं की हनुवटी आधी टेकवायची, भोवतीचा काळा भागही तोंडात जायला हवा. दुखलं तर स्वच्छ करंगळी ओठांच्या कोपऱ्यातून सारून पकड सोडवायची आणि पुन्हा लावायचं. सोसत बसायचं नाही, हे प्रत्येक बाईला कुणीतरी सांगायलाच हवं! २४ तासांत ८ ते १२ वेळा पाजावं लागतं, हे नवऱ्यालाही आधीच सांगून ठेवलं. पाचव्या दिवसापासून रोज ६ च्या वर लंगोट ओले व्हायला लागले, तेव्हा दूध पुरतंय का ही धास्तीही गेली.